कॉलेजच्या मैदानावरून पुढे कुठे?

प्रश्न : मी होटगीची. सोलापुरात कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाचा सराव घ्यायला मदत करते, मानधन नाही. यात पुढे नोकरी आहे का?

उत्तर : आहे, पण ‘सहायक प्रशिक्षक’ अशी कायम जागा आपल्याकडच्या कॉलेजांत क्वचितच निघते. पक्की जागा शारीरिक शिक्षण संचालकाची. त्यासाठी एम.पी.एड. आणि नेट किंवा सेट हवी. शाळेत बी.पी.एड. चालतं. सोबत अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकासाठीचा डी परवाना काढा, मग सी. प्रशिक्षक म्हणून कुठवर जाता येतं याचं उदाहरण पाहा : गोव्याच्या मेमॉल रॉकी भारताकडून खेळल्या आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. फुकटची मदत मात्र एक हंगाम पुरे! प्राचार्यांकडून अनुभवाचं पत्र आत्ताच मागून घ्या.