स्वयंवादक पियानो आणि हातातील फोन : बिनतारी नियंत्रणासंबंधी अनुभवाचे बोल

ज्या पियानोच्या पट्ट्या वादकाच्या बोटांवाचून खाली जातात, ज्याच्या हातोड्या खऱ्या तारांवर आघात करतात आणि ज्याचा नाद लाकडी नादफलकातूनच उमटतो, त्याला स्वयंवादक पियानो असे म्हणतात. त्याच्या आजच्या डिजिटल रूपात प्रत्येक पट्टीच्या मागील टोकाखाली एक सोलेनॉइड, म्हणजे वीजप्रवाह मिळताच आतील लोखंडी दांडा वर ढकलणारे तांब्याच्या तारेचे वेटोळे, बसवलेले असते. कोणत्या वेटोळ्याला केव्हा आणि किती प्रवाह द्यायचा हे वाद्यातील नियंत्रक ठरवतो. या नियंत्रकाला स्मार्टफोनवरून, घरातील वायफायमार्फत आदेश देण्याची सोय आता सर्रास मिळते. खरेदीच्या वेळी ग्राहकाला मोह पडतो तो बहुधा याच सोयीचा, आणि पुढे कुरकुर होते तीही तिच्याविषयीच. अशा तक्रारींचा थोडा मागोवा घेतला तर दिसून येते की त्यांतील बऱ्याच तक्रारींचे मूळ पियानोत नसते आणि फोनमध्येही नसते, तर दोहोंच्या मधल्या वाटेत असते. नीट सांभाळलेला पियानो अनेक दशके टिकतो, फोनची कार्यप्रणाली मात्र दरवर्षी बदलते. म्हणून इतक्या विषम आयुष्याच्या दोन वस्तूंना जोडताना कोणती खबरदारी घ्यावी, हा या विवेचनाचा विषय आहे.

आयुष्यातील ही विषमता नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत एडविन व्होटी याने पियानोला जोडले जाणारे ‘पियानोला’ हे यंत्र तयार केले. त्यात संगीत नाटकांच्या प्रेक्षकांना परिचित असलेल्या पायपेटीप्रमाणे पायांनी भाता चालवावा लागे आणि कागदी गुंडाळीवरील छिद्रे कोणती पट्टी दाबायची हे ठरवीत. प्रत्येक कारखानदाराची गुंडाळी निराळी असल्याने ग्राहकांचे हाल होऊ लागले, तेव्हा 1908 साली न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे अमेरिकी कारखानदार एकत्र आले आणि 65 स्वरांच्या गुंडाळीसाठी इंचाला 6 व 88 स्वरांच्या गुंडाळीसाठी इंचाला 9 छिद्रे असे प्रमाण त्यांनी मान्य केले. याच काळात जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील वेल्टे कंपनीने 1904 साली वादकाच्या स्पर्शाचे बारकावेही टिपणारी पद्धत बाजारात आणली आणि 1905 साली लाइपझिग येथे गुस्ताव मालर यांचे पियानोवादनही तिच्यावर नोंदवले गेले. परंतु या कंपनीच्या मूळच्या लाल गुंडाळ्या प्रमाण गुंडाळीपेक्षा रुंद असल्याने त्या तिच्या स्वतःच्या यंत्रांखेरीज अन्यत्र चालत नसत. गुणवत्तेत वेल्टेची पद्धत कितीतरी सरस होती, तरीही सामान्य घरात दीर्घकाळ उपयोगी पडली ती सर्वांनी मान्य केलेली साधी गुंडाळीच.

आजच्या काळात त्या प्रमाण गुंडाळीचे स्थान मिडी या संकेतपद्धतीने घेतले आहे. निरनिराळ्या उत्पादकांच्या विद्युत्-वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून 1983 साली प्रचारात आलेल्या या पद्धतीत ध्वनी साठवला जात नाही, तर कोणती पट्टी, केव्हा आणि किती वेगाने दाबली वा सोडली, एवढेच अंकांत सांगितले जाते. वेगासाठी 1 ते 127 असे अंक वापरतात आणि एका स्वराचा आदेश अवघ्या 3 बाइटचा असतो. मूळ तारेतून सेकंदाला 31,250 बिट या गतीने असा आदेश जाण्यास सुमारे 1 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, लागतो. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी की पियानो वाजवण्यासाठी वेगवान इंटरनेटची मुळीच गरज नसते. वाद्य अडखळू लागताच अधिक महागडी जोडणी घेण्याचा जो सल्ला सहज दिला जातो, तो बहुधा निरुपयोगी ठरतो, कारण येथे प्रश्न जोडणीच्या वेगाचा नसून आदेश नियमित अंतराने पोहोचण्याचा असतो.

फोनवरून होणारे नियंत्रण वस्तुतः दोन प्रकारचे असते आणि त्यांतील भेद न ओळखल्यामुळे बराच गोंधळ उडतो. पहिल्या प्रकारात रचनेची फाइल पियानोच्या नियंत्रकातच साठवलेली असते आणि फोन केवळ ‘ही रचना सुरू कर’, ‘थांब’, ‘आवाज कमी कर’ असे आदेश देतो. आदेशाला अर्धा सेकंद उशीर झाला तरी लय बिघडत नाही आणि मध्येच फोनची बॅटरी संपली तरी वादन चालू राहते. दुसऱ्या प्रकारात रचना फोनमध्ये असते आणि प्रत्येक स्वराचा आदेश त्या त्या क्षणी वायफायवरून पाठवला जातो. बिनतारी माध्यमात आदेशांच्या पुडक्यांना लागणारा वेळ सारखा नसतो. एखादे पुडके 5 मिलिसेकंदांत पोहोचते, तर शेजारच्या घरातील राउटरच्या गर्दीत सापडलेले पुढचे पुडके त्याच्या कित्येक पट वेळ घेते. ठरावीक उशीर कानाला सहन होतो, पण उशिरातील ही अनिश्चितता द्रुत लयीत लगेच जाणवते. 2002 साली अमेरिकेतील मिनेसोटा येथील एका पियानो स्पर्धेत परीक्षक येफिम ब्रॉन्फमन यांनी जपानमध्ये राहून स्पर्धकांचे वादन स्वयंवादक पियानोवर ऐकले, तेव्हाही वादनाची नोंद आधी पाठवून ती तेथील वाद्यावर वाजवण्याचा मार्ग अवलंबला होता. घरगुती वापरातही रचना प्रथम वाद्यात साठवावी आणि मग फोनने केवळ आज्ञा द्यावी, हाच निर्धोक मार्ग होय.

दुसऱ्या प्रकारात आणखी एक धोका संभवतो. पट्टी दाबण्याचा आदेश पोहोचला आणि ती सोडण्याचा आदेश वाटेत हरवला, तर पट्टी खालीच राहते आणि तिच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहत राहून ते तापू लागते. चांगल्या वाद्यांत अशा वेळी प्रवाह कमी करण्याची योजना असते, तसेच नेटवर्कवरून मिडी पाठवण्याच्या सुविहित पद्धतींत हरवलेल्या आदेशांची भरपाई करण्याची सोय असते. पण प्रत्येक ॲप ती वापरतेच असे नाही. म्हणून ॲपमध्ये ‘सर्व स्वर बंद’ हा आदेश कोठे आहे आणि वाद्यावरील बंद करण्याची कळ कोणती, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असणे आवश्यक आहे.

फोनला पियानो ‘दिसत नाही’ ही सर्वांत वारंवार येणारी अडचण आहे. ॲप उघडल्यावर फोन घरातील नेटवर्कवर सर्वांना उद्देशून एक हाक देतो आणि पियानोने तिला उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते; ही हाक एका नेटवर्कच्या सीमेपलीकडे जात नाही. आपल्याकडील अनेक घरांत फायबर जोडणीबरोबर आलेले एक यंत्र आणि नंतर विकत घेतलेला दुसरा राउटर, असे दोन्ही वायफाय पुरवीत असतात, आणि फोन एकावर व पियानो दुसऱ्यावर असला तर दोन्हीकडे संकेताच्या रेषा पूर्ण दिसत असूनही भेट होत नाही. पाहुण्यांसाठी ठेवलेले वेगळे वायफायही असेच फसवे असते, कारण त्यावरील उपकरणांना एकमेकांपासून मुद्दाम अलग ठेवलेले असते. पियानोतील बिनतारी जोडणीचा भाग अनेकदा केवळ 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतो. त्यामुळे राउटरवर तो पट्टा बंद करून फक्त 5 गिगाहर्ट्झ चालू ठेवला, तर वाद्याला नेटवर्क सापडतच नाही.

फोनच्या बाजूनेही अडथळे येतात. आयफोनवर 2020 साली आलेल्या कार्यप्रणालीपासून प्रत्येक ॲपला स्थानिक नेटवर्कवरील उपकरणे शोधण्यासाठी वेगळी परवानगी लागते, आणि पहिल्या वेळी घाईने ती नाकारली गेली की सेटिंगमध्ये जाऊन ती पुन्हा देईपर्यंत पियानो सापडत नाही. काही पियानो स्वतःचेच छोटे वायफाय निर्माण करतात. त्यावर इंटरनेट नसल्याने अँड्रॉइड फोन ते निरुपयोगी समजून परस्पर मोबाइल डेटाकडे वळतो. फोनवर व्हीपीएन, म्हणजे सर्व दळणवळण दूरच्या सर्व्हरमार्फत नेणारी व्यवस्था, चालू असेल तरीही ही भेट चुकते. वीज गेल्यानंतर राउटर पुन्हा सुरू होताना पियानोला नवा नेटवर्क-पत्ता मिळू शकतो आणि जुना पत्ता लक्षात ठेवणारे ॲप गोंधळते. राउटरच्या सेटिंगमध्ये पियानोसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवणे हा त्यावरील सोपा उपाय आहे.

दोष शोधताना सर्व गोष्टी एकदम बदलण्याचा मोह टाळावा आणि वाद्याकडून फोनकडे असा क्रम ठेवावा. वाद्यावरील कळ किंवा रिमोट वापरून साठवलेली रचना वाजते का, हे प्रथम पाहावे. ती वाजत असेल तर यांत्रिक बाजू ठीक आहे. त्यानंतर पियानोला इथरनेटच्या तारेने थेट राउटरला जोडावे. या अवस्थेत फोनवरून नियंत्रण नीट झाले, तर दोष पियानोच्या बिनतारी भागात किंवा त्याच्या जागेत आहे. पियानोच्या पोटात ओतीव लोखंडाचा जड सांगाडा असतो आणि त्याच्या आड ठेवलेल्या यूएसबी वायफाय-तुकड्याला संकेत क्षीण मिळतो. मीटरभर लांबीच्या वाढीव तारेने तो तुकडा बाहेर उघड्यावर आणला तरी पुष्कळ फरक पडतो. मात्र जेथे शक्य असेल तेथे पियानोपर्यंत कायमची तार टाकणे आणि बिनतारी टप्पा फक्त फोन ते राउटर एवढाच ठेवणे हे सर्वांत श्रेयस्कर.

यांत्रिक आणि नेटवर्कचा दोष ओळखण्याची एक खूण उपयुक्त आहे. प्रत्येक वेळी तेच ठरावीक स्वर गळत असतील, आणि तेही मुख्यतः हळुवार भागात, तर दोष वायफायचा नसून पट्टीच्या यंत्रणेचा असतो. स्वर कोठेही आणि कसेही गळत असतील, किंवा सगळेच वादन क्षणभर थबकत असेल, तर संशय नेटवर्कवर घ्यावा. मुंबई, कोकण आणि गोवा येथील पावसाळी दमटपणात पियानोतील लाकूड व फेल्ट फुगून पट्ट्या जड होतात. कमी प्रवाहावर हलके ढकलले जाणारे स्वर अशा वेळी प्रथम नाहीसे होतात. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात अशा प्रसंगी राउटर बदलण्याची घाई आधी होते आणि पियानो दुरुस्त करणाऱ्याला बोलावणे शेवटी होते. हा क्रम उलटा असावा.

वादन आणि साथ यांचा मेळ हा स्वतंत्र प्रश्न आहे. हातोडीला तारेपर्यंत पोहोचण्यास जोरकस स्वरात सुमारे 25 मिलिसेकंद, तर अतिशय हळुवार स्वरात 150 मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू शकतो. हा फरक भरून काढण्यासाठी काही पियानो बाहेरून येणारा प्रत्येक आदेश अर्धा सेकंद राखून मग वाजवतात, ज्यायोगे सर्व स्वर योग्य अंतराने उमटतात. म्हणून फोनवर बोट ठेवल्यावर लगेच स्वर आला नाही, तर तो बिघाड समजू नये. मात्र व्हायोलिन किंवा गायनाची ध्वनिमुद्रित साथ ब्लूटूथ स्पीकरवर दिली, तर स्पीकरचा स्वतःचा उशीर त्यात मिसळतो आणि साथ मागे पडते. साथीचा स्पीकर पियानोच्या ध्वनी-निर्गमाला तारेनेच जोडावा.

सुरक्षिततेविषयी दोन गोष्टी आवर्जून सांगण्याजोग्या आहेत. दुसऱ्या खोलीतून वाद्य सुरू करणाऱ्याला वाद्याजवळ कोण आहे हे दिसत नाही. सूर लावणारा कारागीर झाकण उघडून काम करीत असताना पियानो आपोआप चालू होणे धोक्याचे आहे, म्हणून अशा वेळी वीजजोडणी काढून ठेवावी. तसेच घराबाहेरून पियानो चालवता यावा म्हणून राउटरमध्ये इंटरनेटकडे वाट उघडू नये आणि पियानोचा कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड बदलावा. जपानमधून आलेले जुने वाद्य घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी : तेथील घरगुती वीज 100 व्होल्टची आणि आपली 230 व्होल्टची असल्यामुळे पुरेशा क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरविना ते जोडल्यास नियंत्रक जळतो.

या सर्वांचा खरा उपयोग खरेदीपूर्वी होतो. विक्रेत्याच्या दालनात ॲपची चकाकी पाहण्याऐवजी ग्राहकाने फोन बाजूला ठेवून वाद्य सुरू व बंद करण्यास सांगावे. स्वतः आणलेली साधी मिडी फाइल यूएसबीवरून वाजवून पाहावी. तारेचे मिडी व इथरनेट मार्ग आहेत का हे तपासावे. विकत घेतलेल्या रचना मासिक वर्गणी थांबल्यावरही वाजतील का, आणि उत्पादकाचा सर्व्हर बंद पडला तर काय उरेल, हे लेखी विचारावे. ज्या वाद्याच्या बाबतीत ही उत्तरे समाधानकारक मिळतात, त्याच्यावर फोनची सोय ही वाढीव सुखसोय ठरते आणि ॲप कालबाह्य झाले तरी नुकसान एका ॲपपुरतेच राहते. ज्याच्या बाबतीत मिळत नाहीत, त्याची किंमत पियानोची असली तरी त्याचे आयुष्य फोनइतकेच आहे, असे समजून व्यवहार करावा.