संगम : शब्द आणि तीर्थ

श्रीक्षेत्र नृसिंहवाडी हे कृष्णा व पंचगंगा या नद्यांच्या संगमावर वसलेले आहे. येथे येणारे भाविक संगमस्नान करूनच श्रींच्या पादुकांच्या दर्शनास जातात. ‘संगम’ हा शब्द आपण नित्य उच्चारतो. त्याचा मूळ अर्थ ध्यानी घेतल्यास स्नानाचे मर्म अधिक उमगते.

शब्दाची व्युत्पत्ती

‘सम्’ हा उपसर्ग व ‘गम्’ हा धातू यांपासून ‘संगम’ शब्द सिद्ध झाला आहे. ‘सम्’ म्हणजे एकत्र आणि ‘गम्’ म्हणजे जाणे. यास्तव संगम म्हणजे केवळ भेट नव्हे. भेटीनंतरची एकत्र वाटचालही त्यात अभिप्रेत आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अंतिम सूक्तात सर्वांनी एकत्र चालावे असा जो उपदेश आहे, तो याच धातूच्या रूपाने केलेला आहे. मराठीतील ‘संगत’ व ‘संगती’ हे शब्द याच कुळातील होत.

‘संग’ हा शब्द मात्र दिसण्यास सारखा असला तरी निराळा आहे. तो ‘सञ्ज्’ म्हणजे चिकटणे या धातूपासून आला. म्हणूनच भगवद्गीतेत संग सोडून कर्म करण्यास सांगितले आहे. संग जागीच गुंतवून ठेवतो, संगम पुढे नेतो.

अमरकोशात नद्यांच्या संगमास ‘संभेद’ असाही पर्याय दिला आहे. प्रयागच्या संगमास ‘त्रिवेणी’ म्हणतात. वेणी म्हणजे केसांची गुंफण. गंगा, यमुना व गुप्त सरस्वती हे तिचे तीन पेड मानले जातात.

कृष्णामाईचे संगम

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. वेण्णा व कोयना या तिच्या भगिनीही तेथीलच. वेण्णा साताऱ्याजवळ माहुली येथे, तर कोयना कऱ्हाड येथे कृष्णेस मिळते. कऱ्हाडला दोन्ही नद्या समोरासमोर येऊन भेटतात व पूर्वेकडे वळतात. त्या स्थानास ‘प्रीतिसंगम’ असे सार्थ नाव आहे.

पुढे नृसिंहवाडीस पंचगंगा येऊन मिळते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती व गुप्त सरस्वती अशा पाच प्रवाहांची ती बनली आहे, अशी श्रद्धा आहे. म्हणजे येथे येणारी नदी स्वतःच एक संगम आहे. श्री नृसिंह सरस्वती स्वामींचे येथे बारा वर्षे वास्तव्य होते, अशी परंपरा आहे. पुढे ते ज्या गाणगापुरी राहिले, तेथेही भीमा व अमरजा यांचा संगम आहे. पावसाळ्यात पुराचे पाणी पादुकांवरून वाहत मंदिराच्या दक्षिण दाराने बाहेर पडते, तेव्हा भाविक ‘दक्षिणद्वार’ स्नानाचा लाभ घेतात.

भाविकांस नम्र विनंती

संगमावरील पाणी तेथे थांबत नाही. ते कर्नाटक, तेलंगण व आंध्र प्रदेशातून समुद्रास जाते. वाटेत असंख्य गावे तेच पाणी पितात. आपण प्रवाहात सोडलेले निर्माल्य, जुनी वस्त्रे वा प्लास्टिकच्या पिशव्याही त्याच वाटेने जातात. तरी निर्माल्य पात्रात टाकू नये, त्यासाठी ठेवलेल्या कुंडातच घालावे. स्नान करताना साबण लावू नये. ‘एकत्र जाणे’ या शब्दात पुढच्या गावचा तहानलेला माणूसही आपल्या सोबत आहे. त्याची आठवण ठेवून घेतलेली बुडी हेच खरे संगमस्नान होय.