इंग्रजीतील स्वतंत्र लेखन : चालना आणि अडसर

२०११ च्या जनगणनेनुसार इंग्रजी ही मातृभाषा असणाऱ्यांची देशातील संख्या सुमारे २.६ लाख इतकीच आहे. भारतीय वर्गातील जवळजवळ प्रत्येक मुलासाठी ती दुसरी वा तिसरी भाषा ठरते. श्रमबाजारात मात्र तिचे मोल मोठे आहे. २००५ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या आधारे आझम, चिन आणि प्रकाश यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शिक्षणादी घटक जमेस धरूनही, अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांचे ताशी वेतन इंग्रजी न येणाऱ्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी अधिक आढळले. जुजबी इंग्रजी येणाऱ्यांबाबत ही वाढ १३ टक्के होती.

जुजबीपणातून बाहेर पडण्यासाठी स्वतःचे वाक्य रचता यावे लागते. ‘असर’च्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयोगटातील ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली. वाचणे आणि लिहिणे यांतील दरी पुष्कळदा गाईडमधील पाठ केलेल्या निबंधाने झाकली जाते. गाय, पाऊस, माझी शाळा! परीक्षा पार पडते, भाषा येत नाही.

येथे ‘प्रॉम्प्ट’, म्हणजे लेखनास चालना देणारी एखादी ओळ, चित्र वा प्रश्न, उपयोगी पडतो. ‘पर्यावरणाचे महत्त्व’ हा केवळ विषय झाला. तो पाठांतरालाच आमंत्रण देतो. ‘घरातील जुनी ट्रंक बोलू लागली, तर ती प्रथम कोणाची तक्रार करील?’ या प्रश्नाचे उत्तर गाईडमध्ये सापडत नाही, आणि लागणारा मजकूर मुलाच्या घरातच असतो. फळ्यावर ‘इफ अवर ओल्ड ट्रंक कुड स्पीक, इट वुड...’ एवढे लिहिले आणि जोडीला पाच-सहा शब्द दिले, तर व्याकरणाचा एक अवघड प्रयोगही नियम न घोकता वापरात येतो. एन. एस. प्रभू यांच्या बंगळूर प्रकल्पाचे (१९७९-८४) सूत्र असेच होते : लक्ष अर्थाकडे गुंतले असताना रचना आत्मसात होते. तो प्रकल्प सर्जनशील लेखनाचा नव्हता, तरी हे तत्त्व येथेही लागू पडते.

पहिल्या खर्ड्यात मराठी, तमिळ वा संथाळी शब्द आले तर ते खोडू नयेत. बहुभाषिकतेला वर्गातील साधनसंपत्ती मानण्याची भूमिका २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घेतलीच आहे. लाल शाईने भरलेले पान पाहून मूल पुढच्या वेळी तीनच सुरक्षित वाक्ये लिहिते. एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखविणे अधिक फलदायी ठरते.

खरी अडचण शिक्षकाच्या वेळेची आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार उच्च प्राथमिक वर्गात एका शिक्षकामागे ३५ विद्यार्थी अपेक्षित आहेत. प्रत्येक वहीस पाच मिनिटे धरली तरी एका लेखनास जवळजवळ तीन तास लागतात. दर आठवड्याला सर्वांनी लिहावे, परस्परांना वाचून दाखवावे आणि शिक्षकाने पाळीपाळीने सातच वह्या बारकाईने पाहाव्यात, अशी योजना केल्यास हे काम पाऊण तासाच्या आत बसते. पाच आठवड्यांत प्रत्येक वही एकदा पाहून होते.