मुलांचा फ्ल्यू, ॲस्पिरिनची गोळी आणि राय विकार

सर्दी, खोकला आणि ताप ही दुखणी लहान मुलांच्या पाचवीलाच पुजलेली असतात. बहुतेक मुले आठवडाभरात खडखडीत बरी होतात. परंतु फ्ल्यू किंवा कांजिण्यांतून मूल उठू लागले असतानाच, क्वचित प्रसंगी, यकृत आणि मेंदू या दोहोंवर एकाच वेळी घाला घालणारा एक विकार उद्भवतो. सिडनी येथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. राल्फ डग्लस राय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये अशा २१ मुलांची हकीकत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांपैकी १७ मुले दगावली होती. या विकारास पुढे राय यांचेच नाव मिळाले.

या विकारात पेशींना ऊर्जा पुरविणाऱ्या सूक्ष्म घटकांचे कार्य बिघडते. यकृतात चरबी साठते, रक्तातील अमोनिया वाढतो आणि मेंदूला सूज येते. ताप ओसरल्यावर मुलाला अचानक वारंवार उलट्या होऊ लागतात. ते सुस्तावते, नाहीतर चिडचिडे होते, असंबद्ध बोलते. पुढे झटके येतात व शुद्ध हरपते. कावीळ बहुधा दिसत नाही, त्यामुळे यकृताची शंका चटकन येत नाही. उलट्यांचे खापर खाण्यापिण्यावर फोडले जाते आणि बहुमोल तास वाया जातात.

कारणाचा शोध मोठा उद्बोधक आहे. अमेरिकेत या विकाराने आजारी पडलेल्या मुलांची तुलना तसाच ताप येऊनही सुखरूप राहिलेल्या मुलांशी करण्यात आली. विकार झालेल्या मुलांना ॲस्पिरिन दिल्याचे प्रमाण कितीतरी अधिक आढळले. १९८२ मध्ये तेथील सर्जन जनरलने पालकांना इशारा दिला आणि १९८६ पासून वेष्टनावर सूचना छापणे सक्तीचे झाले. १९८० मध्ये तेथे ५५५ रुग्णांची नोंद होती. १९९४ ते १९९७ या काळात वर्षाला दोनपेक्षा अधिक रुग्ण आढळले नाहीत. ब्रिटननेही १९८६ मध्ये १२ वर्षांखालील मुलांना ॲस्पिरिन देणे थांबविले. पुढे ही मर्यादा १६ वर्षांपर्यंत नेण्यात आली. राय विकार समजलेल्या काही मुलांना प्रत्यक्षात जन्मजात चयापचय दोष होता, हे नंतर उघड झाले. तरीही ॲस्पिरिनविषयीचा निष्कर्ष कायम राहिला.

ग्रामीण भागात अडचण निराळीच आहे. किराणा दुकानात डोकेदुखीची म्हणून सुटी मिळणारी गोळी नेमकी कशाची, हे घेणाऱ्यास ठाऊक नसते, आणि मोठ्यांच्या गोळीचा अर्धा तुकडा मुलाला देण्याची पद्धत रूढ आहे. ज्या औषधाच्या घटकांत ॲस्पिरिन, असेटिल सॅलिसिलिक ॲसिड किंवा सॅलिसिलेट असा उल्लेख असेल, ते तापात मुलांना देऊ नये. पॅरासिटामॉल वजनानुसार, डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे. काही हृदयविकारांत अथवा कावासाकी आजारात डॉक्टर मुलांना ॲस्पिरिन देतात. ते पालकांनी परस्पर बंद करू नये, मात्र फ्ल्यू किंवा कांजिण्यांची लक्षणे दिसताच डॉक्टरांना कळवावे. तापातून उठलेल्या मुलाला उलट्या होऊन ते गुंगीत जाऊ लागल्यास उजाडण्याची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे, आणि कोणती गोळी दिली होती तिचे वेष्टन सोबत न्यावे.