ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी

सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झालं आणि अलायन्स एअरची मुंबई-चिपी सेवा सुरू झाली. रत्नागिरीचा मिरजोळ्याजवळचा विमानतळ त्याहून कितीतरी जुना, पण तिथे वावर तटरक्षक दलाचा. त्या धावपट्टीवरून स्वतःच्या हाताने विमान उचलायची हौस असलेल्या रत्नागिरीकराला ती भागवावी लागते घरच्या टेबलावर, संगणकातल्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये. या हौशी मंडळींची तक्रार ठरलेली असते. सिम्युलेटर घेतला पण अडखळतो. अडखळायचा थांबला तर विमान हाताला ऐकत नाही. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: नवं ग्राफिक्स कार्ड टाका. हा सल्ला बहुतेक वेळा घाईचा असतो. स्वतःचा संगणक सुधारताना आणि ओळखीच्यांचे संगणक तपासताना मला हे इतक्यांदा दिसलं आहे की कार्डाला सर्वांत शेवटी हात लावावा, असंच माझं ठाम मत झालं आहे.

सिम्युलेटरची भूक एवढी का वाढली, हे आधी पाहायला हवं. ब्रूस आर्टविक यांचा सिम्युलेटर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ॲपल टू संगणकावर आला आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्टने त्यांच्याच कामावरून आयबीएम पीसीसाठी आपली पहिली आवृत्ती काढली. तेव्हा जमीन म्हणजे काही रेघा होत्या. १८ ऑगस्ट २०२० रोजी आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या आवृत्तीने मात्र अख्ख्या पृथ्वीची बिंग नकाशांतली उपग्रहचित्रं आणली. ही माहिती दोन पेटाबाइटच्या घरात जाते, म्हणजे ती कुणाच्याच घरात मावणारी नाही. लागेल तसा तिचा तुकडा इंटरनेटवरून येतो. घरं-इमारती त्या चित्रांवरून आणि ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशातल्या नोंदींवरून संगणकच उभ्या करतो. अशाच एका नोंदीत दोनऐवजी २१२ मजले टाइप झाले होते आणि सिम्युलेटरमधल्या मेलबर्नच्या एका साध्या वस्तीत सुळक्यासारखा मनोरा उभा राहिला. तेव्हा रत्नागिरीतली मांडवीची जेटी किंवा आपल्या वाडीतलं कौलारू घर हुबेहूब दिसेल, या आशेवर खर्च करू नये. किनारा, खाड्या, डोंगर मात्र जागच्या जागी असतात आणि उडायला तेवढं पुरतं.

निवड तीन सिम्युलेटरमध्ये होते. फ्लाइटगिअर पूर्ण मोफत आहे, १९९७पासून जगभरातले स्वयंसेवक तो बनवत आले आहेत आणि जुन्या संगणकावरही तो धावतो. ऑस्टिन मायर यांचा एक्स-प्लेन विमानाच्या पंखाचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरच्या हवेच्या बलांचा हिशोब करतो, म्हणून उड्डाणाच्या वागणुकीसाठी त्याचं नाव आहे. त्याचा मोफत डेमोही मिळतो. मायक्रोसॉफ्टचा दिसायला सर्वांत देखणा. त्याच्या २०२०च्या आवृत्तीला कंपनीने किमान ८ जीबी रॅम आणि १५० जीबी जागा सांगितली होती, शिफारस १६ जीबी रॅमची. २०२४च्या आवृत्तीला रॅम किमान १६ जीबी आणि शिफारस ३२ जीबीची आहे. डिस्कवर जागा कमी लागते, कारण बहुतेक जग उडता उडता इंटरनेटवरून येतं. दर पावसाळ्यात ज्यांचं इंटरनेट चार-चार तास गायब होतं, त्यांनी या शेवटच्या वाक्याचा नीट विचार करावा.

पैसे भरण्याआधी आणखी एक गोष्ट. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला खेळ चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी वापरलेला असेल तर पैसे परत मिळतात. मायक्रोसॉफ्टचा २०२०चा सिम्युलेटर मात्र आधी एक छोटा भाग उतरवून घेई आणि बाकीचा प्रचंड साठा सिम्युलेटर सुरू झाल्यावर उतरत असे. तो वेळ वापराच्या वेळेत मोजला जाई आणि धावपट्टी दिसायच्या आतच दोन तास संपत. ही तक्रार तेव्हा जगभरातून आली होती. ज्यांच्याकडे इंटरनेट हळू, त्यांना याचा फटका सर्वांत जास्त.

आता रत्नागिरीतला पहिला प्रश्न: लाईट. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट पेलतो. मोठं कार्ड असलेला संगणक सिम्युलेटर चालू असताना त्याहून अधिक ओढू शकतो आणि लाईट गेल्याच्या क्षणी यूपीएसही मान टाकतो. ऐन उतरताना पडदा काळा होतो, आणि दोष जातो सिम्युलेटरकडे. घराच्या इन्व्हर्टरवर संगणक असेल तर तो साइन वेव्ह प्रकारचा आहे ना, आणि मागचं बटण ‘यूपीएस’वर आहे ना, हे पाहावं. ‘इको’वर ठेवलेला इन्व्हर्टर पंख्या-दिव्यांना चालतो, संगणकाला मात्र मधला क्षणभराचा खंड पुरतो बंद पडायला. अर्थिंग वायरमनकडून एकदा तपासून घ्यावंच. मे महिन्यातल्या वळवाच्या गडगडाटात आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी प्लग काढून ठेवावा, आणि हो, इंटरनेटची वायरही काढावी. वीज त्या वाटेनेही आत शिरते.

दुसरा प्रश्न उष्म्याचा. बंदिस्त खोलीत, दमट हवेत लॅपटॉप तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पहिली दहा मिनिटं सुरळीत आणि नंतर अडखळणं, हे त्याचं हमखास लक्षण. याला कार्ड बदलणं हा उपाय नव्हे. मागून लॅपटॉप दोन बोटं उचलावा, जाळीतली धूळ काढावी, खिडकीशी बसावं.

मग येतो मोजणीचा भाग, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा. सिम्युलेटर सेकंदाला किती चित्रं काढतो, म्हणजे फ्रेम, हे पडद्याच्या कोपऱ्यात दाखवता येतं. स्वच्छ हवामान निवडून विमान मिरजोळ्याच्या धावपट्टीवर उभं करावं आणि आकडा लिहून घ्यावा. मग बाकी काही न हलवता फक्त रिझोल्यूशन निम्मं करावं. आकडा चांगला वाढला तर अडचण खरोखर ग्राफिक्स कार्डाची आहे. आकडा जागचा हलला नाही तर कार्ड मोकळं बसलेलं आहे आणि धाप लागली आहे ती प्रोसेसरला. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड सुरू केला तर तो ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’, म्हणजे अडचण प्रोसेसरची, असं स्पष्ट लिहूनच दाखवतो. असं लिहून येत असताना महागडं कार्ड बसवलेले संगणक मी पाहिले आहेत. फ्रेम होत्या तेवढ्याच राहिल्या.

प्रोसेसरला दिलासा द्यायचा तर दूरवरच्या जमिनीचा तपशील, इतर विमानांची वर्दळ आणि इमारतींची दाटी कमी करावी. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी जोडावी. दोन पट्ट्या मिळून माहितीची वाट रुंद होते आणि हा खर्च कार्डाच्या मानाने किरकोळ आहे. सिम्युलेटर फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर तो एसएसडीवर हलवावा. लॅपटॉपमध्ये अनेकदा दोन ग्राफिक्स असतात आणि सिम्युलेटर चुकून कमकुवत असलेल्यावर चालत असतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन त्याला ‘हाय परफॉर्मन्स’ लावावं. टेबलावरच्या संगणकात मॉनिटरची वायर मदरबोर्डला लावलेली सापडते, ती कार्डाच्या तोंडात लावली की कार्ड पहिल्यांदा कामाला लागतं. जून-जुलैत थेट हवामान लावून रत्नागिरीवर उडायची मजा औरच, पण ते ढग फार महाग पडतात. आधी निरभ्र आकाशात घडी बसवावी. आणि एका वेळी एकच बदल. पाच गोष्टी एकदम हलवल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

विमान हाताला ऐकत नाही, या तक्रारीचं मूळही पुष्कळदा फ्रेममध्येच असतं. सेकंदाला दहा-बारा चित्रं येत असतील तर काठी ओढल्याचा परिणाम उशिरा दिसतो, तोवर हात आणखी ओढतो, मग उलट ढकलतो, आणि विमान वरखाली हिंदकळत राहतं. एक्स-प्लेन तर फ्रेम विसाच्या खाली गेल्या की चक्क घड्याळच मंद करतो. म्हणून स्थिर तीस फ्रेम या कधी पन्नास, कधी पंधरा अशा हेलकाव्यापेक्षा केव्हाही चांगल्या. मर्यादा तीसवर बांधून टाकावी.

फ्रेम स्थिर असूनही विमान एका बाजूला कलत असेल तर जॉयस्टिक तपासायची. विंडोजमध्ये तिचं कॅलिब्रेशन आधी करावं. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत स्वस्त काठीच्या आतले घासणारे संपर्क लवकर खराब होतात आणि हात काढला तरी काठी मध्यावर येत नाही. अशा वेळी मध्यभागी तीन-चार टक्के डेड झोन, म्हणजे काठीच्या हालचालीची दखल न घेणारा पट्टा, ठेवावा. चुंबकावर चालणाऱ्या हॉल सेन्सरच्या काठीला हा त्रास कमी. थ्रस्टमास्टरची टी-१६०००एम त्यातलीच. वापर नसताना काठी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवली तर चांगली टिकते. थ्रॉटल आपोआप मागेपुढे होत असेल तर एकच काम दोन उपकरणांना नेमलेलं आहे का ते बघावं. सिम्युलेटर प्रत्येक नव्या उपकरणाला आपल्या मनाने कामं वाटतो, आणि हा गोंधळ मला अगदी नव्या कोऱ्या सामानातही सापडला आहे.

राहिला ट्रिम. नवशिका काठी दाबून धरून विमान सरळ ठेवतो आणि मनगट दुखेपर्यंत उडतो. खरा वैमानिक आधी नाक हवं तिथे ठेवतो, मग इंजिनाचा जोर ठरवतो आणि शेवटी ट्रिमचं चाक फिरवून काठीवरचा दाब शून्य करतो. सेसना १७२ घ्यावं: पंचावन्न नॉटला अलगद नाक उचलायचं, चौऱ्याहत्तरला चढायचं, फ्लॅप सोडून पासष्टला उतरायला यायचं. उड्डाणात ते डावीकडे ओढतं, कारण पंख्याचा पीळच तसा असतो. उजव्या रडरने ते सावरायचं. याला बिघाड समजून कितीतरी जण सेटिंग बदलत बसतात.

सरावाला चिपीची वाट उत्तम. मिरजोळ्याहून उठून भाट्याची खाडी डावीकडे टाकायची आणि किनारा धरून दक्षिणेला निघायचं. पावस, पूर्णगडची खाडी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवणचा सिंधुदुर्ग, आणि मग चिपीची अडीच हजार मीटरची ऐसपैस धावपट्टी. अंतर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्याही आत, सेसनाला अर्ध्या तासाहून थोडं अधिक. एक्स-प्लेनवर उपग्रहचित्रांचा थर बाहेरून जोडणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: जग तिथे एकेक अंशाच्या चौकोनांत कापलेलं असतं आणि १७ अंश अक्षांशाची रेघ रत्नागिरीवरूनच जाते. विमानतळ रेघेच्या वर, शहराचा बराचसा भाग खाली. चौकोन दोन्ही घ्यावे लागतात, नाहीतर विमानतळाभोवती खरा कातळ आणि शहरावर साच्यातली शेतं दिसतात.

घरातलं मूल वैमानिक व्हायचं म्हणत असेल तर त्याला हे जरूर करू द्यावं, पण डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि घरच्या सिम्युलेटरचा एकही तास त्यात धरत नाहीत, हे त्याला आधीच सांगावं. सुरुवात फ्लाइटगिअरने किंवा एक्स-प्लेनच्या डेमोने करा, आहे त्या संगणकावर फ्रेम मोजा, लाईटची सोय लावा, आणि चिपीला सलग नीट उतरता येऊ लागल्यावरच पाकिटाला हात घाला.