अर्धापूर परिसरात कृषी पर्यटन : केळीच्या बागेला पाहुण्यांची जोड

मराठवाड्यात अर्धापूर म्हटले की केळी डोळ्यांसमोर येते. उर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या इसापूर धरणाचे कालव्याचे पाणी, काळी कसदार जमीन आणि शेतकऱ्यांची मेहनत यांमुळे हा भाग केळी, हळद व ऊस या बागायती पिकांसाठी ओळखला जातो. तथापि केळीचे उत्पन्न वर्षातून एकदाच हाती येते. उन्हाळ्यातील वादळात घडासहित झाडे आडवी होतात. बाजारात आवक वाढली की भाव घसरतो. अशा परिस्थितीत शेतावरच मिळणारे पूरक उत्पन्न म्हणून कृषी पर्यटनाचा विचार करण्यास हरकत नाही. मात्र हा जोडधंदा करताना मूळ पिकाला धोका पोहोचणार नाही, याची काळजी आधी घेतली पाहिजे.

परिसरात पाहण्यासारखे काय आहे ?

पाहुणे केवळ शेत पाहण्यासाठी लांबून येतीलच असे नाही. ते ज्या कारणाने या भागात येतात, त्या कारणाला आपले शेत जोडता येते.

१) नांदेड : अर्धापूरपासून सुमारे २० कि. मी. अंतरावर असलेल्या नांदेड येथे तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांचे पवित्र स्थान आहे. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली येथेच देह ठेवला. सध्याची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविली. पंजाब, हरियाणा, दिल्लीकडून येथे वर्षभर भाविक येतात. दसरा, दिवाळी व होला मोहल्ला या वेळी गर्दी अधिक असते.

२) अर्धापूर गाव : येथे केशवराजाचे मंदिर आहे. येथील शिलालेखांतून रट्ट घराण्याचा इतिहास कळतो.

३) दाभड : तालुक्यातील महाविहार बावरीनगर येथे दरवर्षी पौष पौर्णिमेस बौद्ध धम्म परिषद भरते व दूरदूरचे उपासक येतात.

४) औंढा नागनाथ : हिंगोली जिल्ह्यातील हे ज्योतिर्लिंग व त्याचे कोरीव मंदिर पाहण्यास भाविक नांदेडहून जातात.

या यात्रेकरूंना दर्शनानंतर अर्धा दिवस मोकळा असतो. हा अर्धा दिवस आपल्या शेतावर घालविता आला, तर आपला उद्देश साध्य होतो. त्यासाठी नवीन इमारती, कारंजी किंवा पाळणे उभारण्याची गरज नाही. उत्तरेकडील गव्हाच्या प्रदेशातून आलेल्या माणसाला केळीची उभी बाग हेच नवल आहे.

कोणत्या महिन्यात काय दाखवावे ?

मृग बागेची लागवड जून-जुलैत होते. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात बाग हिरवीगार असते व हवाही थंड असते. डिसेंबर-जानेवारीत रब्बी ज्वारीचा हुरडा देता येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळदीची काढणी, शिजवणी व वाळवणी चालते. त्याच सुमारास केळी निसवू लागते, त्यामुळे केळफूल व कोवळा घड दाखविता येतो. एप्रिल-मे मधील ऊन आणि पावसाळ्यातील चिखल यांत पाहुण्यांना बोलावू नये.

जेवण केळीच्या पानावर वाढावे. ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा, केळफुलाची भाजी एवढे पुरेसे आहे. फळे देताना ती कार्बाइडने पिकविलेली नसावीत. कार्बाइडच्या वापरास कायद्याने बंदी आहे. केळीचे वेफर्स, हळद पावडर व गूळ विक्रीस ठेवल्यास मालाला थेट ग्राहक मिळतो.

बागेचे संरक्षण : सर्वांत महत्त्वाची बाब

केळीवरील पनामा मर रोगाची उष्णकटिबंधीय वंश-४ ही जात आपल्या देशात बिहारमध्ये आढळली आहे. आपल्याकडील ग्रँड नैन वाण या रोगास बळी पडतो. रोगाची बुरशी जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते व एकदा शिरल्यावर औषधाने हटत नाही. ती रोगट कंद, पाणी, अवजारे, गाड्यांची चाके आणि चपला-बुटांना चिकटलेल्या मातीतून पसरते. बाहेरगावचा पाहुणा आपल्याकडे येण्यापूर्वी कोणत्या बागेत फिरला, हे आपणास ठाऊक नसते. म्हणून पुढील नियम पाळावेत.

१) वाहने रस्त्याच्या कडेला, बागेपासून दूर उभी करावीत.
२) पाहुण्यांची पादत्राणे प्रवेशद्वारापाशी काढून घ्यावीत व शेतावरच ठेवलेल्या रबरी चपला वापरावयास द्याव्यात.
३) सर्व बाग खुली न ठेवता कडेच्या दोन-चार ओळीच दाखवाव्यात. फिरण्याची वाट ठरलेली असावी.
४) भेट म्हणून मुनवे देऊ नयेत व कोणाकडून घेऊही नयेत. लागवडीसाठी खात्रीच्या प्रयोगशाळेतील ऊतिसंवर्धित रोपे वापरावीत.
५) खालची पाने कडेकडून पिवळी पडणे, बुंधा चिरणे, खोड कापल्यास आत तपकिरी छटा दिसणे अशी लक्षणे आढळल्यास पाहुण्यांचा प्रवेश ताबडतोब बंद करावा आणि नांदेड येथील केळी संशोधन केंद्राशी संपर्क साधावा.

कीटकनाशकाची फवारणी झालेल्या भागात पाहुण्यांना नेऊ नये. विहिरीला कठडा व जाळी असावी, कारण शाळेच्या सहलीतील मुले हमखास तेथे धावतात. स्वच्छ स्वच्छतागृह आणि पिण्याचे शुद्ध पाणी असल्याशिवाय सुरुवातच करू नये.

खर्चाचा हिशोब

दर ठरविण्यापूर्वी कागदावर हिशोब मांडावा. उदाहरणादाखल, समजा २५ पाहुणे आले व दर माणशी ३०० रुपये ठेवला, तर जमा ७,५०० रुपये होईल. जेवणाचा खर्च माणशी १३० रुपयांप्रमाणे ३,२५०, तिघांची मजुरी १,२०० आणि फळे, पाणी व स्वच्छता ८०० असा एकूण खर्च ५,२५० रुपये धरल्यास २,२५० रुपये उरतात. पाहुणे १० च आले, तर जमा ३,००० रुपये. जेवण १,३००, दोघांची मजुरी ८०० व इतर ५०० असा २,६०० रुपये खर्च वजा जाता केवळ ४०० रुपये शिल्लक राहतील. यावरून किमान संख्या आधी सांगून ठेवणे किती गरजेचे आहे, हे लक्षात येईल. प्रत्यक्षातील आकडे प्रत्येकाने आपल्या गावच्या मजुरीप्रमाणे घ्यावेत. घरच्या स्त्रियांच्या श्रमाची मजुरीही खर्चात धरावी, अन्यथा नफा खोटा दिसतो.

नोंदणी

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले आहे. वैयक्तिक शेतकरी तसेच शेतकऱ्यांच्या संस्थांना पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. अन्नपदार्थ विकणाऱ्यांनी अन्न सुरक्षा कायद्याखालीलही नोंदणी करावी.

सुरुवात कशी करावी ?

पहिल्या वर्षी कर्ज काढून खोल्या बांधू नयेत. नांदेडमधील दोन-तीन शाळा आणि यात्रेकरूंची वाहतूक करणारे गाडीवाले यांच्याशी बोलून हंगामात मोजक्याच सहली घ्याव्यात. प्रत्येक सहलीचा जमाखर्च वहीत लिहावा. एकट्याने सर्व करण्यापेक्षा चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एकाने केळी, दुसऱ्याने हळद, तिसऱ्याने गुऱ्हाळ अशी वाटणी केल्यास पाहुण्यांचा दिवस भरगच्च होतो आणि एकाच शेतावर ताण पडत नाही.

बाग निरोगी राहिली तरच पाहुणे येत राहतील. तेव्हा आधी बाग व मग पाहुणे हा क्रम ठेवून अर्धापूर परिसरातील शेतकरी बंधू-भगिनींनी या जोडधंद्याचा लाभ घ्यावा.