वातपान : वास्तूचा श्वास आणि आपले कर्तव्य

वसतिगृहाची इमारत उभारताना भिंती, छप्पर, पाणी यांचा हिशेब काटेकोरपणे मांडला जातो. हवेचा हिशेब मात्र बहुधा खिडक्या मोजून संपतो. इतिहासाच्या अध्ययनातून आम्हांस असे दिसून आले की, वायुवीजनाचा प्रश्न दुहेरी आहे : हवेला वाट देणे आणि ती वाट स्वच्छ राखणे. दुसऱ्याचा विसर पडला की पहिले व्यर्थ ठरते. प्रसंगी घातकही ठरते.

पाली भाषेत खिडकीला ‘वातपान’ असा अर्थवाही शब्द आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात अशी नोंद आढळते की, एके काळी विहारांना वातपाने नव्हती. त्यामुळे ते डोळ्यांना अपायकारक व दुर्गंधीयुक्त होते. तेव्हा भगवान बुद्धांनी कठड्याची, जाळीची आणि गजांची अशा तीन प्रकारच्या वातपानांस अनुमती दिली. त्यांतून वटवाघळे आत शिरू लागली, तेव्हा पडद्यांची व झडपांची सोय झाली. त्याच ग्रंथात स्वच्छतेचा क्रमही सांगितला आहे : प्रथम वरची कोळिष्टके काढावीत, वातपाने व कोपरे पुसावेत, थंडीत वातपाने दिवसा उघडून रात्री मिटावीत आणि उन्हाळ्यात दिवसा मिटून रात्री उघडावीत. वातपान बांधून काम संपत नाही, तेथून ते सुरू होते, ही जाण या नियमांत आहे.

आधुनिक इमारतींत वातपानाची जागा यंत्राने घेतली आणि हवेची वाट छतामागच्या नळांत लपली. जे दिसत नाही ते पुसले जात नाही. जुलै 1976 मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड या हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले. त्यानंतर अनेकांना न्यूमोनियासारख्या अज्ञात आजाराने ग्रासले. एकूण 34 जण दगावले. जानेवारी 1977 मध्ये संशोधकांनी त्यामागील जिवाणू शोधून काढला. त्याला पुढे ‘लिजिओनेला’ हे नाव मिळाले. हा जिवाणू साचलेल्या कोमट पाण्यात वाढतो. वातानुकूलन यंत्रणेतील पाण्याच्या सूक्ष्म तुषारांवाटे तो श्वासात गेला असावा, असा निष्कर्ष निघाला. गारवा देणारी यंत्रणाच आजाराची वाहक होऊ शकते, हा धडा जगाला फार महाग पडला.

यातून घ्यावयाचा बोध असा की, खरा शत्रू धुळीपेक्षा ओल आहे. धुळीला ओल मिळाली की बुरशी धरते. म्हणून वातानुकूलन यंत्राची गाळणी नियमित धुवावी, पाणी साचणारे तबक कोरडे राखावे, गळती तत्काळ बुजवावी. नळांत बुरशी, उंदरांची घाण किंवा धुळीचे थर दिसल्यास ते जाणकारांकडून साफ करून घ्यावेत आणि ओलीचे मूळही शोधावे. अन्यथा बुरशी पुन्हा येते.

वसतिगृहांत वातानुकूलन क्वचितच असते. तेथे हेच तत्त्व साध्या वस्तूंना लागू पडते. डासांच्या जाळीत धूळ बसली की उघडी खिडकीही अर्धी बंद होते. स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंख्यावर तेलकट काजळी चढली की धूर आतच कोंडतो आणि आगीचा धोका वाढतो. खिडकीसमोर रचलेल्या पेट्या व गाद्या हवा अडवतात. जेथे अनेक मुले एका खोलीत निजतात, तेथे क्षयासारखा हवेतून पसरणारा रोग रोखण्यास खेळती हवा मोठे साहाय्य करते.

मग हे काम कोणी करावे? ज्या देशात झाडू जन्मावरून हाती दिला गेला, तेथे हा प्रश्न टाळता येत नाही. आजही नळांत आणि गटारांत उतरणारा माणूस बहुधा कोणत्या वस्तीतून येतो, हे आपण जाणतो. त्याला मुखपट्टी, हातमोजे व रास्त वेतन मिळते की नाही, हे पाहणे हा स्वच्छतेचाच भाग होय. विनयाने विहार झाडण्याचे काम शिष्याकडे दिले; परंतु शिष्य आजारी पडला, तर उपाध्यायाने तेच काम शिष्यासाठी करावे, असेही सांगितले. तेथे झाडू जातीचा नव्हता, परस्पर कर्तव्याचा होता. विद्यार्थी व शिक्षक यांनी मिळून महिन्यातून एक दिवस जाळ्या, पंखे व झरोके स्वच्छ करावेत, अशी आमची सूचना आहे. आणि माजी विद्यार्थी व पालक भेटीस येतील, त्यांनीही त्या दिवशी हात लावावा.